सपाता कोण आणून देणार?

एक फुलवाली, एक उच्चारांचा प्रोफेसर आणि एक पैज. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची गोष्ट एवढ्यात सांगून होते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फुलं विकणाऱ्या एलायझा डूलिटलला प्रोफेसर हिगिन्स सहा महिन्यांत सरदारघराण्यातल्या बाईसारखं बोलायला शिकवतो. पण शेवटी त्या दोघांचं जमतं की नाही, हा प्रश्न आला की लेखक एका बाजूला आणि बाकी सगळं जग दुसऱ्या बाजूला उभं राहतं. या भांडणाला शंभर वर्षं उलटली, आणि त्याचा सगळ्यात मोठा आखाडा ठरला सिनेमा. त्या आखाड्यातल्या या गमती.

इंग्रजीचं नाटक, पहिला प्रयोग जर्मनमध्ये

हे नाटक सबंध इंग्रजी उच्चारांवर उभं आहे. कोण ‘ह’ गिळतं, कोण स्वर वाकडा करतं, यावरून माणसाची गल्ली ओळखणारा नायक त्यात आहे. तरी त्याचा पहिला प्रयोग झाला १६ ऑक्टोबर १९१३ रोजी व्हिएन्नात, जर्मन भाषेत. लंडनकरांना ते पाहायला एप्रिल १९१४ उजाडावा लागला. म्हणजे एलायझानं आधी जर्मन शुद्ध केली आणि मग इंग्रजी! भाषांतरात हे नाटक मरतं म्हणणाऱ्यांना इथेच उत्तर मिळतं. बोलण्यावरून माणसाची किंमत ठरवण्याची खोड कुठल्या एका देशाची नाही.

अठरा वर्षांची एलायझा, वय ४९

शॉनं संहितेत लिहून ठेवलंय की एलायझा अठराची असेल, फार तर विशीची. लंडनच्या पहिल्या प्रयोगात ही भूमिका केली मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल हिनं, तेव्हा तिचं वय होतं ४९. शॉनं ही भूमिका तिच्यासाठीच लिहिली होती आणि प्रयोग गाजला. रंगमंचावर हे चालतं, कारण पंधराव्या रांगेतून सुरकुत्या दिसत नाहीत आणि आवाजात जोर असला की प्रेक्षक वय विसरतो. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. सिनेमाला ताज्या चेहऱ्याची एलायझा शोधावी लागणार, हे तेव्हाच ठरून गेलं.

एक शिवी आणि मिनिटभराचा हशा

तिसऱ्या अंकात नटूनथटून चहाला आलेली एलायझा निघताना अगदी शुद्ध उच्चारात ‘ब्लडी’ हा शब्द वापरते. १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर हा शब्द म्हणजे कहर होता. पहिल्या रात्री प्रेक्षक मिनिटभराहून जास्त हसत राहिले आणि नाटक तेवढा वेळ थांबलं. १९३८ च्या सिनेमात तो शब्द तसाच राहिला. पण १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक आलं, तेव्हा त्या शब्दातला दारूगोळा संपला होता. म्हणून तो प्रसंग चहाच्या टेबलावरून उचलून अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत नेला. तिथे एलायझा आपल्या घोड्याला पळवण्यासाठी त्याच्या पार्श्वभागाचा उद्धार करते आणि उंच टोप्या घातलेले उमराव गार होतात. रूपांतर करणाऱ्याला शिवीचं वजनसुद्धा काळाप्रमाणे पुन्हा तोलावं लागतं, ते असं.

फेकलेला गुच्छ

आता भांडणाकडे. शॉच्या मूळ शेवटात हिगिन्स एलायझाला बाजारातून हॅम, चीज, हातमोजे आणि टाय आणायला सांगतो. ती त्याला ठणकावते आणि निघून जाते. पण लंडनमधला हिगिन्स, म्हणजे नट आणि थिएटरचा मालक हर्बर्ट बीरबोम ट्री याला हे पचेना. त्यानं पडदा पडण्याआधीच्या क्षणात एक युक्ती घुसडली. जाणाऱ्या एलायझाकडे तो फुलांचा गुच्छ फेकू लागला. प्रेक्षक खूश आणि शॉ संतप्त. ट्रीचं म्हणणं होतं की माझ्या शेवटामुळे गल्ला भरतोय. शॉचं म्हणणं, तुला गोळी घालायला हवी.

शॉ एवढ्यावर थांबला नाही. १९१६ मध्ये नाटकाच्या पुस्तकाला त्यानं लांबलचक उपसंहार जोडला आणि एलायझानं हिगिन्सशी नाही, फ्रेडीशी लग्न केलं असं निक्षून सांगितलं. तो भोळा फ्रेडी तिच्यावर मनापासून प्रेम करणारा, आणि कामधंद्यात अगदी कच्चा. लेखकानं स्वतःच्या पात्रांची सोयरीक छापून जाहीर करावी, असं फार वेळा घडलेलं नाही.

हंगेरीचा निर्माता, नगरचे गुरू

शॉला सिनेमावाल्यांवर भरवसा नव्हता. जर्मनीत १९३५ मध्ये आणि हॉलंडमध्ये १९३७ मध्ये ‘पिग्मॅलियन’वर चित्रपट निघाले, ते त्याला आवडले नाहीत. त्याचा विश्वास जिंकला गॅब्रिएल पास्कल या हंगेरियन निर्मात्यानं. या पास्कलचा आपल्या मातीशी एक धागा आहे: तो नगरजवळच्या मेहेराबादच्या मेहेरबाबांचा भक्त होता. पुढे महात्मा गांधींवर चित्रपट काढायचं त्याच्या मनात होतं आणि त्यासाठी तो पंडित नेहरूंशी बोलला होता. १९५४ मध्ये तो गेला आणि ते राहून गेलं.

पास्कलनं १९३८ मध्ये इंग्लंडात ‘पिग्मॅलियन’ काढला. दिग्दर्शन अँथनी अ‍ॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड यांचं. हॉवर्डच हिगिन्स झाला. शॉला त्या भूमिकेत चार्ल्स लॉटन हवा होता. गोलमटोल, विक्षिप्त लॉटनच्या प्रेमात एलायझा पडेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि शॉला तेच पाहिजे होतं. देखण्या हॉवर्डची निवड झाली तिथेच शॉ निम्मी लढाई हरला. रूपांतराचा कल पटकथेच्या आधी भूमिकावाटपातच ठरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

एलायझा मात्र शॉच्या पसंतीची. वेंडी हिलरचा जन्म १९१२ चा, म्हणजे शॉ ज्या वर्षी हे नाटक लिहीत होता त्याच वर्षीचा! मॉल्व्हर्नच्या नाट्यमहोत्सवात शॉनं तिला एलायझा करताना पाहिलं होतं. तिचा हा चित्रपट पाहाच. चहाच्या प्रसंगात तिचे उच्चार घड्याळासारखे नेमके आहेत. आपल्या मावशीला घरच्यांनीच मारलं असावं, हा संशय ती हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सांगते. ओठ बरोबर हलतात, मान बरोबर कलते आणि डोळे अजून गल्लीतच असतात. थिएटरच्या शेवटच्या रांगेला हे डोळे कधीच दिसले नसते.

नाटकात नसलेला समारंभ

ज्या पैजेसाठी सगळा खटाटोप, ती जिथे जिंकायची ती राजदूताकडची मेजवानी मूळ नाटकात दिसतच नाही. तिसऱ्या अंकानंतर पडदा पडतो, चौथा उघडतो तेव्हा मध्यरात्र झालेली असते आणि मंडळी समारंभ आटपून घरी आलेली असतात. शिकवणीचंही तसंच. रंगमंचावर तिची झलक तेवढी मिळते, मधले महिने प्रेक्षकानं समजून घ्यायचे.

सिनेमानं नेमक्या या रिकाम्या जागा भरल्या. शॉनं स्वतः समारंभाचा प्रसंग लिहिला. त्यातली बहार अशी की दाढीदीक्षित भाषातज्ज्ञ कार्पथी, हिगिन्सचा जुना शिष्य, एलायझाचं बोलणं ऐकून ठामपणे सांगतो की ही इंग्रज असूच शकत नाही. का? तर इतकं निर्दोष इंग्रजी इंग्रज बोलत नाहीत, ते शिकून घेतलेले परके बोलतात. म्हणून ही हंगेरीची राजकन्या! शॉच्या साऱ्या विनोदातला हा अव्वल विनोद सिनेमाच्या गरजेतून जन्माला आला. एलायझाच्या आंघोळीचा गोंधळही सिनेमासाठीच वाढवला. १९४१ मध्ये शॉनं हे नवे प्रसंग नाटकाच्या पुस्तकातच छापले आणि ते सिनेमात किंवा भरपूर यंत्रसामग्री असलेल्या रंगमंचावरच जमतील, अशी सूचना दिली. सिनेमानं नाटकाकडून घेतलं आणि नाटकाला परतही दिलं.

शिकवणीचे भराभर कापलेले तुकडे ज्यानं जोडले, तो संकलक होता डेव्हिड लीन. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ करणारा तोच. आणि स्पेनच्या पठारावरच्या पावसाचं ते जगप्रसिद्ध उच्चारवाक्य? शॉच्या नाटकात ते नाही. तेही १९३८ च्या सिनेमानंच दिलं, पुढे त्याचं गाणं झालं.

सपाता

आता शेवट. चौथ्या अंकात एलायझा संतापानं हिगिन्सच्या सपाता उचलून त्याच्या अंगावर भिरकावते. पैज जिंकल्याचं श्रेय तो एकटा घेत असतो, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि घरात शिरल्या शिरल्या त्याला फक्त सपाता हव्या असतात. ही नाटकातली सगळ्यात खरी ठिणगी.

पास्कलनं शॉला न सांगता निराळा शेवट चित्रित केला. हिगिन्स एकटा खोलीत येतो. यंत्रावर एलायझाचा जुना, गावठी आवाज वाजतो. तेवढ्यात दारातून तीच खरोखर बोलते, ती परत आलेली असते. हिगिन्स मागे वळून बघत नाही, खुर्चीत रेलतो आणि विचारतो, सपाता कुठे आहेत? चित्रपट संपतो. फेकलेल्या सपाता शोधायला फेकणारीच परत आली!

शॉला हे कळलं तेव्हा चित्रपट तयार झाला होता. गंमत म्हणजे याच चित्रपटाच्या पटकथेसाठी त्याला आणि तिघा सहलेखकांना ऑस्कर मिळालं. १९२५ चं साहित्याचं नोबेल त्याच्याकडे होतंच. नोबेल आणि ऑस्कर दोन्ही मिळवणारा तो पहिला माणूस. दुसरा, बॉब डिलन, यायला २०१६ साल उजाडलं.

‘याचं गाणं होणार नाही’

शॉच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून १९०८ मध्ये ‘द चॉकलेट सोल्जर’ नावाचं संगीत नाटक निघालं होतं. शॉला ते इतकं झोंबलं की पुन्हा आपल्या नाटकाला चाली लावू द्यायच्या नाहीत, असं त्यानं ठरवलं. फ्रान्झ लेहारसारख्या संगीतकारालाही त्यानं ‘पिग्मॅलियन’ दिलं नाही. १९५० मध्ये शॉ गेला, मग वाट मोकळी झाली. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या दिग्गज जोडीनं खटपट केली आणि जमत नाही म्हणून सोडून दिलं. अ‍ॅलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव यांनीही आधी हात टेकले होते.

दुसऱ्यांदा बसल्यावर त्यांना किल्ली सापडली. नाटकाला फारसा धक्का लावायचाच नाही. दोन अंकांच्या मध्ये जे घडतं पण दिसत नाही, तेवढं दाखवायचं. म्हणजे सिनेमानं केलं तेच, गाण्यांतून. १५ मार्च १९५६ ला ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ उघडलं आणि त्याचे २,७१७ प्रयोग झाले. शेवट शॉचा घेतला नाही, सिनेमाचा घेतला. लर्नरनं छापील संहितेत शॉची माफी मागून लिहिलं की फ्रेडीच्या बाबतीत शॉ बरोबर होता याची त्याला खात्री वाटत नाही.

५५ लाख डॉलर आणि उसना आवाज

जॅक वॉर्नरनं ‘माय फेअर लेडी’च्या चित्रपटाच्या हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले, त्या काळातला विक्रम. ब्रॉडवेवर एलायझा गाजवणारी होती ज्यूली अँड्र्यूज. पण तिनं एकही चित्रपट केला नव्हता, म्हणून वॉर्नरनं ऑड्री हेपबर्नला घेतलं. हिगिन्ससाठी कॅरी ग्रँटला विचारलं, तर त्यानं उलट टपाली कळवलं की रेक्स हॅरिसनला घेतलं नाहीत तर मी तो चित्रपट बघायलासुद्धा जाणार नाही. हॅरिसन ब्रॉडवेचाच हिगिन्स, त्यालाच घेतलं.

हॅरिसन गात नसे, चालीवर बोलत असे. दर वेळी ताल थोडा पुढेमागे. आधी ध्वनिमुद्रण करून नंतर ओठ हलवणं त्याला जमणारं नव्हतं. मग त्याच्या टायमध्ये छोटा बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि गाणी कॅमेऱ्यासमोर थेट मुद्रित केली. चित्रपटात असा मायक्रोफोन वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक.

ऑड्रीच्या वाट्याला उलटं आलं. तिनं गाण्यांसाठी मेहनत घेतली होती, स्वतःच्या आवाजात मुद्रणही केलं होतं. तरी पडद्यावर बहुतेक गाण्यांत मार्नी निक्सनचा आवाज आहे. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करला आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडला गळा देणारी तीच. आपल्याला पार्श्वगायनाची इतकी सवय आहे की यात वावगं काही वाटणार नाही. हॉलिवूडला वाटलं. चित्रपटाला १२ नामांकनं आणि ८ ऑस्कर मिळाली, ऑड्रीला साधं नामांकनही नाही. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली ‘मेरी पॉपिन्स’मधली ज्यूली अँड्र्यूज. गोष्ट आवाजाची आहे आणि तिच्या नायिकेचाच आवाज काढून घेतला, याचं मला अजून वाईट वाटतं. ऑड्रीचा अभिनय, विशेषतः समारंभानंतरच्या रात्रीचा, फार वरच्या दर्जाचा आहे.

हिगिन्सची प्रयोगशाळा मात्र अस्सल. त्यासाठी पीटर लाडेफोगेड या नामवंत ध्वनिशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला होता. तिथे एक फिरता आरसा आणि ज्योत आहे. एलायझानं ‘ह’ नीट उच्चारला तर ज्योत थरथरते, गिळला तर स्थिर राहते. हा खेळ घरी करून बघा. तळहात तोंडासमोर धरा आणि आधी ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’. ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’ला हाताला हवेचा झोत लागेल, ‘प’ला नाही. हिगिन्स पोट भरायचा ते याच झोतावर.

आणि पैसे? शॉच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याच्या हक्कांचं उत्पन्न तीन संस्थांना गेलं: ब्रिटिश म्युझियम, आयर्लंडची नॅशनल गॅलरी आणि लंडनची रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट. ही तिसरी संस्था १९०४ मध्ये स्थापन केली कुणी? गुच्छ फेकणाऱ्या ट्रीनं!

आपल्या फुलराण्या

१९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ आणलं. भक्ती बर्वे मंजुळा झाल्या, सतीश दुभाषी प्रोफेसर जहागीरदार. लंडनची बोली मराठीत आणायची कशी? पु. लं.ना ते अवघड गेलं नसावं. मराठीत ‘न’ आणि ‘ण’ एवढ्या एका जागेवर माणसाची जात, गाव आणि शाळा काढणारे कान घरोघर आहेत. मंजुळाचं ते गाजलेलं, सूड उगवण्याची स्वप्नं रंगवणारं स्वगत शॉच्या नाटकात नाही. त्याचं नातं लागतं ‘माय फेअर लेडी’तल्या एलायझाच्या संतापगीताशी. तिथे वाद्यवृंद आहे, इथे भक्तीताईंकडे एकटीचा गळा होता, आणि पिढ्यान् पिढ्या मुली एकांकिका स्पर्धांपासून गॅदरिंगपर्यंत ते स्वगत म्हणत आल्या. भक्तीताई सिनेमात आठवतात त्या ‘जाने भी दो यारों’तल्या बेरकी संपादक शोभा म्हणून. पडद्यावर त्यांची मंजुळा मात्र आली नाही.

गुजराती रंगभूमीवर मधु राय यांची ‘संतु रंगीली’ होती, संतु झाल्या सरिता जोशी. हिंदीत बासू चटर्जींनी १९८० मध्ये ‘मनपसंद’ केला. त्यात टीना मुनीमची कमली दातण विकते आणि देव आनंद तिला बोलायला नाही, गायला शिकवतो. स्पेनच्या पावसाच्या जागी तिथे ‘च’च्या अनुप्रासाचं गाणं आलं. हिंदी सिनेमात बोली बदलण्यापेक्षा सूर बदलणं जास्त पटतं, हे बासूदांनी बरोबर हेरलं. बंगालीत ‘ओगो बधू सुंदरी’ निघाला. त्याच्या चित्रीकरणाच्या दिवसांतच उत्तमकुमारला हृदयविकाराचा झटका आला आणि २४ जुलै १९८० ला तो गेला. चित्रपट पुढच्या वर्षी लागला. मराठीत २०२३ मध्ये विश्वास जोशी यांनी ‘फुलराणी’ आणला, सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर यांना घेऊन. तिथली शेवंता कोळ्याची पोर.

मला विचाराल तर

सिनेमानं या नाटकावर उपकारच केले. समारंभ दिला, शिकवणी दिली, एलायझाचे डोळे दाखवले. पण सपाता तिच्या हातात परत द्यायला नको होत्या. माणसानं आपल्या बोलण्याचा मालक व्हावं म्हणून सहा महिने घसा कोरडा केला, तो आणखी एका माणसाच्या खोलीत परत येण्यासाठी नव्हे. या एका बाबतीत शॉ बरोबर होता, आणि ट्री, पास्कल, लर्नर हे तिघंही चूक.

तेव्हा मराठीत पुन्हा कुणी ही गोष्ट पडद्यावर आणणार असेल तर एकच मागणं आहे. नायिकेला दाराबाहेर जाऊ द्या, कॅमेरा तिच्याबरोबर रस्त्यावर न्या, आणि प्रोफेसरांच्या सपाता त्यांच्या त्यांना शोधू द्या.